असंच, घरात पडलं होतं

मी मागे सरले. फार नाही, जरासंच. दारात समोरून कुणी आलं तर आपण वाट देतो ना, तेवढंच. पण खारूला, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला, काही वाट नको होती. ती माझ्याकडेच येत होती, दोन्ही हात पुढे करून, एका हातात फोन तसाच चालू, आणि काजळाचे ओघळ पार हनुवटीपर्यंत आलेले. ‘मावशी गेली गं,’ ती म्हणाली आणि माझ्या अंगावर कोसळायला निघाली, आणि मी मागे सरले. कॉलेजची मधली सुट्टी होती, आम्ही व्हरांड्यात होतो, पोरं जिन्यावरून धडाधड उतरत होती, कुणीतरी कुणाला तरी ओरडून हाका मारत होतं, आणि एवढ्या गोंगाटात खारू थांबली. तिचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग त्यांचं काय करावं हे न कळून तिनं एका हातानं फोन बंद केला आणि दुसऱ्या हातानं नाक पुसलं. ‘बरं,’ ती म्हणाली. कशाला बरं, कोण जाणे. मी ‘अगं कधी, कशानं’ असलं काहीतरी विचारलं, तिनं ‘सकाळी, झोपेतच’ असं सांगितलं, अगदी नीट, बाईंनी उभं करून विचारल्यावर सांगावं तसं. मग ‘ऑफिसात सुट्टीचं सांगून येते, संध्याकाळच्या बसनं निघते’ म्हणून गेली. तिचं रडणं जागच्या जागी थांबलं होतं. माझ्या अंगातला शर्ट मात्र स्वच्छ होता.

तो शर्ट माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल काय बाई आहे ही. शर्ट दुकानाचा होता. सायीच्या रंगाचा, लिननचा, खांद्यावरून जरा ओघळलेला, म्हणजे ओघळलेला दिसावा असाच शिवलेला. मानेमागे किमतीचा पुठ्ठा आत दुमडून ठेवलेला होता आणि तो दिवसभर टोचत होता. पुठ्ठा कापायचा नाही, हा पहिला नियम. संध्याकाळी शर्ट परत द्यायचा, तो गिऱ्हाइकाला नवा म्हणून विकता आला पाहिजे. हे माझं काम. कॉलेजात दुसरी पोरं कामं करतात ती सांगता तरी येतात. कुणी लायब्ररीत पुस्तकं लावतं, कुणी झेरॉक्सच्या दुकानात बसतं, आमच्या वर्गातला एक उंच मुलगा तर आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर अस्वलाचा वेश घालून उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोराबाळांना मिठ्या मारतो. मी फिरते. दुकानाचे कपडे घालून कॉलेजात फिरते, बसते, उठते, चहाच्या टपरीवर उभी राहते. मुली बघतात, विचारतात, आणि आठवड्याभरात तोच शर्ट चारचौघींच्या अंगावर दिसायला लागतो. हे काम आहे असं कुणाला कळता कामा नये. कळलं तर काम संपलं. हा दुसरा नियम, आणि खरं म्हणजे हाच एक नियम आहे.

दुकानात मी घड्या घालायचं काम मागायला गेले होते. तिथला मॅनेजर गळ्यात टेप अडकवून फिरतो, पण त्यानं कधी कुणाचं माप घेतलेलं मी पाहिलेलं नाही. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाईट नजरेनं नाही, उभा आरसा कुठे लावावा हे बघताना भिंतीकडे बघतात तसं. मग म्हणाला, ‘बाळ, जरा तिकडून इकडे चाल. हसू नकोस. नुसती चाल.’ मी चालले. ‘तुझ्या अंगावर काहीही घातलं तरी उगाचच बरं दिसतं,’ तो म्हणाला, आणि मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हणत नाही. आईचं आपलं, ‘ते पोटाशी नीट कर,’ नाहीतर ‘केस घे मागे.’ मॅनेजरनं मला बाही कशी दुमडायची ते शिकवलं. एक बाही जास्त दुमडायची, दुसरी कमी, जणू घाईत लक्षच नव्हतं. पुढचं टोक खोचायचं, मागचं सोडायचं. ‘आणि कुणी विचारलं, कुठून घेतलास, तर लगेच नाव सांगायचं नाही. आधी म्हणायचं, असंच, घरात पडलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं की मग आठवल्यासारखं करायचं आणि दुकान सांगायचं.’ मला ते फार हुशारीचं वाटलं. घरी आरशासमोर मी म्हणून पाहिलं. असंच. घरात पडलं होतं. आमच्या घरात पडलेलं असतं ते दादाची जुनी स्वेटरं आणि बाबांच्या फाटलेल्या बनियनांची फडकी.

तास सुरू झाला होता. संख्याशास्त्राचे सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, त्यामुळे त्यांच्या तासाला विचार करायला बरं पडतं. मी बाकावर बसले होते, म्हणजे काठावर, पाठ टेकू न देता. बाकाच्या पाठीला पोरांनी काय काय लावलेलं असतं, च्युइंगम, शाई, अजून काय. हात वर करायचे नाहीत, काखेत घाम दिसतो. सॉसच्या बाटलीशेजारी बसायचं नाही. गवतावर बसायचं नाही. जिना उतरताना कठड्याला धरायचं नाही. पळायचं नाही. कुणाच्या पाठीवर थाप मारायची नाही, म्हणजे तोही मारत नाही. पहिले काही दिवस हे सगळं लक्षात ठेवावं लागायचं, डोकं दुखायचं. मग अंगवळणी पडलं. मग गंमत अशी झाली की लोकांना ते आवडायला लागलं. ‘किती शांत आहेस गं तू,’ ज्या मुली माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या त्या म्हणायला लागल्या. ‘तुला काही फरकच पडत नाही ना कशाचा?’ ढगळ शर्ट, न विंचरल्यासारखे केस, आणि मी आपली सगळ्यांपासून हातभर अंतरावर, थंडपणे चहा पिणारी. चहा मी थंडपणे पीत नव्हते, जीव मुठीत धरून पीत होते. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. हॉस्टेलात माझं नाव राणीसरकार पडलं. कुणी ठेवलं माहीत नाही. मीही ते चालू दिलं. चिडून उठले असते तर राणीसरकार राहिले नसते, आणि मॅनेजर म्हणाला होता की त्या नावानं शर्ट जास्त खपतात.

घरी माझं नाव गोचीड होतं. हसू नका. मी सगळ्यांच्या अंगाला चिकटायची म्हणून. आम्ही सगळे एका खोलीत झोपायचो आणि मी झोपेत कुणाच्या तरी अंगावर पाय टाकल्याशिवाय राहायची नाही. बाबा कामावरून आले की बूट काढायच्या आत मी त्यांच्या पाठीवर. त्यांच्या शर्टाला वंगणाचा वास असायचा आणि माझ्या फ्रॉकला त्याचे काळे पट्टे, आणि आई रोज तेच म्हणायची, ‘धुवायला तुझा बाप येणार आहे का?’ आणि बाबा रोज म्हणायचे, ‘येईन की.’ आत्या तर ओले हात पुसायला फडकं शोधायचीच नाही, जे पोर जवळ असेल त्याच्या पाठीला पुसायची, आणि आम्ही मुद्दाम तिच्या जवळ जाऊन उभे राहायचो. गेल्या सुट्टीत घरी गेले तर आई माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘माझी गोचीड कुठे गेली गं?’ मी म्हटलं, ‘मोठी झाली.’ ती म्हणाली, ‘हो का? बरं झालं बाई,’ आणि पुन्हा कपडे वाळत घालायला लागली. मला तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. आता सर फळ्यावर एक वक्र रेषा काढत होते आणि मला ते आठवत होतं.

खारूताई हे नाव मात्र मी ठेवलेलं. खोलीत आली त्याच दिवशी तिनं स्वतःच्या कपाटात, उशीच्या अभ्र्यात, बुटांच्या खोक्यात खायचं लपवून ठेवलं, आणि मग कुठे ठेवलं ते विसरून रात्रभर खुडबुडत बसली. ती पण गोचीडच, आमच्या जातीची. बोलताना समोरच्याचा हात हातात घेणार, हसताना आधी आपल्या अंगावर पडणार आणि मग हसणार. पहिल्या महिन्यातच ती माझ्या गळ्यात पडली, तिला पहिल्या चाचणीत बरे मार्क मिळाले म्हणून, आणि माझ्या अंगात तेव्हा दुकानाचा पांढरा टॉप होता आणि तिच्या हातात पेन होतं. मी तिला असं काही ढकललं की पेन जाऊन पडलं दाराशी. तिला वाटलं गंमत. मग अजून एकदा, मग अजून एकदा. हळूहळू तिला कळलं. म्हणजे कळलं नाही, पण तिनं स्वतःशी काहीतरी ठरवलं. ती बाकीच्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची, त्यांच्या केसांशी खेळायची, आणि माझ्याशी बोलताना स्वतःची उशी पोटाशी धरून बसायची. कुणी मला चुकून धक्का दिला तर तीच ओरडायची, ‘ए, राणीसरकारला हात लावू नका रे!’ आणि नंतर हळूच, ‘ती तशी नाहीये, आतून वेगळी आहे.’ मी आतून वेगळी आहे हे तिला कुठून कळलं कोण जाणे. मी तरी सांगितलं नव्हतं. सांगायचं तर शर्टाचं सांगावं लागलं असतं, आणि खारूच्या पोटात काही राहत नाही. तिला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत मेसच्या स्वयंपाक्यालासुद्धा माहीत असतं.

तिला आई नाही. मावशीनंच वाढवलं. मावशी रोज फोन करायची, फोनच्या कॅमेऱ्यात तिचं फक्त कपाळ आणि पंखा दिसायचा. एकदा खारू आंघोळीला गेली होती आणि फोन मी उचलला. ‘कोण, राणीसरकार का?’ मावशी म्हणाली. म्हणजे नाव तिथवर गेलं होतं. मग ती इकडचं तिकडचं बोलली, जेवता का नीट, पाणी येतं का, आणि मध्येच आवाज खाली करून म्हणाली, ‘आमच्या येडीला अधूनमधून जवळ घेत जा हं. तिला सवय आहे त्याची. नाही घेतलं तर आजारी पडते ती, खरंच सांगते, ताप येतो तिला.’ मी म्हटलं, ‘हो मावशी.’ ‘नक्की ना?’ ‘नक्की.’ फोन ठेवला तेव्हा मी ठरवलंही होतं की आजच, संध्याकाळी, कपडे बदलून आले की. पण संध्याकाळी खारू झोपली होती, आणि दुसऱ्या दिवशी मी विसरले, आणि मग तर उगाच कुणाला जवळ कसं घ्यायचं, काहीतरी निमित्त लागतं ना. निमित्त आज आलं होतं. व्हरांड्यात, हात पुढे करून.

तास संपल्यावर मी ऑफिसाकडे गेले, खारू तिथे नव्हती. खोलीवर जायचं तर हॉस्टेल मैदानापलीकडे, आणि मैदानावर सामना होता, आणि पायऱ्यांवर बसून सामना बघायचा हे माझं आजचं काम होतं. तो शर्ट त्याचसाठी निघाला होता. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. सरळ जाता आलं असतं. मी स्वतःला म्हटलं, अशा शर्टात तिच्यासमोर गेले तर पुन्हा तेच होईल. त्यापेक्षा काम उरकून, शर्ट देऊन, आपल्या कपड्यांत जावं, आणि मग हवं तेवढं रडू दे तिला, लाळ, नाक, काजळ, सगळं पुसू दे माझ्या अंगाला. हे मला पटलं. अजूनही पटतं, हीच तर कटकट आहे. मी पायऱ्यांवर रुमाल टाकून बसले. मागून एक मुलगी म्हणाली, ‘शर्ट भारी आहे गं, कुठून घेतलास?’ माझं तोंड आपोआप उघडलं. ‘असंच,’ मी म्हटलं, ‘घरात पडलं होतं.’ खाली कुणीतरी गोल केला असावा, सगळे उठून एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

दुकानात मॅनेजरनं शर्ट दिव्याखाली धरला. तो रोज धरतो, कॉलर, कफ, काखा, शिवण. ‘एक डाग नाही,’ तो म्हणाला. ‘सोनं आहेस तू, सोनं. बाकीच्या पोरी आठवड्यात काही ना काही सांडून येतात.’ पडद्याआड मी माझे कपडे घालत होते. मी आतूनच म्हटलं, ‘माझ्या मैत्रिणीची मावशी गेली.’ मला ते कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगायला दुसरं कुणी नव्हतं. ‘अरेरे,’ तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाला, तो काही वाईट माणूस नाही. ‘वय काय होतं?’ मला माहीत नव्हतं. मग पुठ्ठा बाहेर काढून सरळ करत तो म्हणाला, ‘उद्या येशील ना? निळा आलाय.’ मी हो म्हटलं आणि पळत सुटले. कितीतरी दिवसांनी पळत होते. गर्दीत धक्के देत, घेत, एका सायकलवाल्याच्या शिव्या खात. पळताना घाम येत होता आणि तो कुठेही आला तरी चालणार होता. मला रडू येत होतं, पण चांगलं वाटत होतं. माझं सगळं ठरलं होतं. दार उघडायचं आणि काही बोलायचं नाही, सरळ जाऊन तिला पकडायचं.

दार उघडं होतं. खारू बॅगेची चेन लावत होती. तिनं तोंड धुतलं होतं आणि केस घट्ट बांधले होते, आणि ती एकदम स्वतःच्याच मोठ्या बहिणीसारखी दिसत होती, जी तिला नाही. ‘आलीस का,’ ती म्हणाली. ‘बरं झालं. खाऊ आहे कपाटात, तो संपव, नाहीतर मुंग्या लागतील.’ आणि मी दारातच उभी राहिले. जाऊन पकडायचं होतं, ते राहिलं. त्याऐवजी मी बोलायला लागले. सगळं सांगितलं, भडाभडा, दम लागलेला होता तशीच. दुकान, मॅनेजर, पुठ्ठा, नियम, आजचा शर्ट. ‘म्हणून मी मागे झाले,’ मी म्हटलं. ‘तुझ्यामुळे नाही. शर्टामुळे.’

खारू पलंगावर बसली आणि हसायला लागली, तोंडावर हात धरून, मावशी गेलेल्या दिवशी हसू नये असं स्वतःलाच सांगत असल्यासारखी. ‘शर्ट?’ ती म्हणाली. ‘अगं येडे! मी काय काय विचार केला. मला वाटलं तुला रडणारी माणसं आवडत नाहीत. म्हणून मग मी रडलेच नाही, माहितीये? दुपारपासून एकटी बसलेय इथे, पण रडले नाही. म्हटलं बसमध्ये रडू.’ तिनं डोळे पुसले. ‘सांगायचंस ना आधी. मध्ये टॉवेल धरला असता मी.’

मीही हसले. खोलीत इतका मोकळेपणा कधीच वाटला नव्हता. मला वाटलं, झालं, सुटले. खारू उठली, बॅग खाली ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात पुढे केले नाहीत तिनं. दुपारी केले होते. नुसती उभी राहिली, मान जरा कलती करून. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता.

‘हा तर तुझाच आहे ना?’ ती माझ्या टी-शर्टकडे बघत म्हणाली.

माझाच होता. दादाचा जुना, धुऊन धुऊन रंग गेलेला, खांद्याला भोक पडलेला. त्याला काय वाटेल ते झालं असतं तरी कुणाचं काही जाणार नव्हतं. मी तिच्याजवळ गेले. एवढ्या जवळून मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिच्या पापण्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या आणि तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता. आता हात उचलायचे, एवढंच होतं. माझ्या मनानं ते उचललेही. पण कोपर बरगड्यांशी घट्ट राहिले, आणि पाठ ताठ, आणि हनुवटी वर, दुकानाचे कपडे घालून बाहेर पडताना असते तशी, आणि मला आतून ओरडावंसं वाटत होतं की अगं थांब, मी येतेय, आत्ता येतेय, जरा थांब. खारू थांबली होती. पुरेशी थांबली. नळाला पाणी येईल म्हणून बादली लावून उभं राहतो माणूस, तितकी थांबली. शेवटी माझा एक हात निघाला. तो तिच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथे त्यानं दोन-तीनदा थोपटलं.

तिचा ओठ थरथरायचा थांबला. तिनं माझ्या त्या हाताकडे पाहिलं, मग खाली वाकून बॅग उचलली आणि पट्टा खांद्यावर नीट बसवला.

‘थँक यू हं,’ ती म्हणाली. हे ती बसमध्ये जागा देणाऱ्याला म्हणते, गेटवरच्या वॉचमनला म्हणते, झेरॉक्सवाल्याला म्हणते. मला याआधी कधीच म्हणाली नव्हती.